बांगलादेशातून परदेशी : नोकरी, शिक्षण आणि व्हिसाचे मार्ग

नवी दिल्ली : बांगलादेशातील एखाद्या तरुणाला बल्गेरियातील कारखान्यात नोकरी किंवा पोर्तुगालमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला, तरी त्याला पहिला व्हिसा काढावा लागे तो भारताचा. युरोपातील अनेक देशांचे ढाक्यात दूतावास नाहीत. बांगलादेशी अर्जदारांच्या व्हिसाचे त्यांचे काम नवी दिल्लीतून चालत आले आहे. मुलाखत, बोटांचे ठसे, मूळ कागदपत्रांची तपासणी यासाठी अर्जदाराने दिल्लीला यायचे, दूतावासाच्या सोयीने काही दिवस राहायचे आणि ढाक्याला परतून निकालाची वाट पाहायची, असा हा शिरस्ता होता. या कामासाठी भारत दुहेरी प्रवेशाचा वेगळा व्हिसाही देत असे.

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचे सरकार कोसळले आणि हा शिरस्ता मोडला. बांगलादेशातील भारतीय व्हिसा केंद्रांचे कामकाज आधी थांबले, नंतर तातडीचे वैद्यकीय उपचार आणि अशाच मोजक्या कारणांपुरते सुरू झाले. युरोपातील नियुक्तिपत्र वा प्रवेशपत्र हाती असलेले अनेक जण ढाक्यातच अडकून पडले. डिसेंबर २०२४ मध्ये अंतरिम सरकारचे मुख्य सल्लागार मुहम्मद युनुस यांनी युरोपीय संघाच्या राजनैतिक प्रतिनिधींना भेटून, व्हिसा केंद्रे दिल्लीहून ढाक्याला किंवा शेजारच्या अन्य देशात हलवावीत, अशी विनंती केली. बल्गेरियाने तोवर बांगलादेशी अर्जदारांचे काम इंडोनेशिया आणि व्हिएतनामकडे वळवले होते.

दोन शेजाऱ्यांमधील ताणाची झळ तिसऱ्याच देशात जाऊ पाहणाऱ्याला बसते, ती अशी. बांगलादेशी स्थलांतराची मूळ अडचण मात्र याहून जुनी आहे. देशाबाहेर जाण्याचे कायदेशीर मार्ग आज अनेक आहेत. त्यांतला कोणता मार्ग कुटुंबाला वर काढतो आणि कोणता कर्जात लोटतो, याचे उत्तर व्हिसाच्या नावात क्वचितच सापडते. नोकरी देणारा आणि नोकरी करणारा यांच्यामध्ये किती जणांचे हात आहेत, हे पाहिले की ते बहुधा मिळते.

सहा हजारांपासून तेरा लाखांपर्यंत

बांगलादेशाने मनुष्यबळ, रोजगार व प्रशिक्षण विभाग १९७६ मध्ये स्थापन केला. ‘बीएमईटी’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच तो ओळखला जातो. त्या वर्षी सुमारे सहा हजार कामगार अधिकृतपणे परदेशी गेले. २०२३ मध्ये ही संख्या तेरा लाखांवर पोहोचली; २०२४ मध्ये ती दहा लाखांच्या आसपास होती. सरकारी मालकीची ‘बोएसेल’ ही भरती कंपनी १९८४ पासून काम करते. प्रवासी कल्याण व परदेशी रोजगार मंत्रालय २००१ मध्ये अस्तित्वात आले, तर जाणाऱ्यांना कर्ज देण्यासाठी प्रवासी कल्याण बँक २०११ पासून कार्यरत झाली. बंगालीत ‘प्रवासी’ म्हणजे परदेशात वास्तव्य करणारा. मराठीतील अर्थाने ही नावे वाचली, तर ती रेल्वे खात्याची वाटावीत.

परदेशस्थ बांगलादेशींनी २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे तीस अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. तयार कपड्यांच्या निर्यातीपाठोपाठ देशाच्या परकीय गंगाजळीला आधार आहे तो याच पैशाचा. तो हुंडीऐवजी बँकेतून यावा यासाठी सरकार जानेवारी २०२२ पासून अशा रकमेवर अडीच टक्के प्रोत्साहन देते. कोणतेही सरकार आले तरी जाणाऱ्यांची संख्या वाढावी असेच त्याला वाटते, त्यामागे हे कारण आहे. जाणाऱ्याने जाण्यासाठी किती मोजले, हा प्रश्न त्या घाईत मागे पडतो.

जाण्याची किंमत

बांगलादेशाच्या सांख्यिकी विभागाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले. परदेशी नोकरीसाठी एका कामगाराला सरासरी ४ लाख १६ हजार ७८९ टका खर्च आला होता. (टका हे तेथील चलन.) ही रक्कम त्याच्या साडेसतरा महिन्यांच्या कमाईएवढी भरत होती. सौदी अरेबियासाठी सरासरी खर्च चार लाख टक्यांच्या पुढे होता. त्याच देशासाठी सरकारने ठरवून दिलेली कमाल मर्यादा होती १ लाख ६५ हजार. सिंगापूरसाठी मर्यादा दोन लाख ६२ हजारांच्या घरात आणि प्रत्यक्ष खर्च पाच लाख ७४ हजार. सर्वसाधारण करार दोन ते तीन वर्षांचा असतो हे ध्यानात घेतले, तर पहिली दीड वर्षे कामगार केवळ जाण्याची किंमत फेडत राबतो, असा याचा अर्थ होतो.

मधला पैसा कुठे जातो, याची साखळी सर्वांना ठाऊक आहे. आखाती देशातील मालकाला परदेशी कामगार आणण्यासाठी ठरावीक संख्येने परवाने मिळतात. कायद्याने हा खर्च मालकाचा. प्रत्यक्षात परवाने तिथल्याच मध्यस्थाला विकले जातात, त्याच्याकडून ते ढाक्यातील भरती संस्था घेतात, आणि मागणी पुरवठ्याहून कितीतरी जास्त असल्याने त्यांची बोली चढत जाते. ढाक्यातील परवानाधारक संस्थांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे, पण त्यांच्या शाखा खेड्यांत नाहीत. तिथे असतो तो दलाल. हा शब्द बंगालीतही हाच. त्याला ‘आदम ब्यापारी’, म्हणजे माणसांचा व्यापारी, असेही म्हणतात. तरीही गावाला विश्वास असतो तो त्याच्यावरच, कारण तो नात्यातला किंवा शेजारच्या वाडीतला असतो आणि त्याने पाठवलेला कोणीतरी खरोखरच पैसे पाठवत असतो. पैसे रोख दिले जातात. पावती नसते. शेत गहाण पडते, गुरे विकली जातात, उरलेली रक्कम सावकाराकडून येते.

२०१३ च्या परदेशी रोजगार व स्थलांतरित कायद्याने व्हिसाची खरेदी-विक्री दंडनीय ठरवली आहे. परंतु पावतीच नसल्यावर सिद्ध काय करायचे, हा प्रश्न उरतो. तक्रारी दाखल होतात, थोडीफार रक्कम परत मिळवून तडजोड होते आणि दलाल पुढच्या हंगामाला लागतो.

भारतातील वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंट कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. रत्नागिरी, रायगड भागांतून आखातात माणसे गेलेल्या घरांना हा नियम आणि व्यवहार यांतले अंतर सांगावे लागणार नाही. फरक आहे तो प्रमाणाचा. बांगलादेशात ही अपवादात्मक लबाडी उरलेली नाही, तो दरच होऊन बसला आहे.

आखात आणि मलेशिया

२०२४ मध्ये परदेशी गेलेल्या बांगलादेशी कामगारांपैकी सुमारे साठ टक्के एकट्या सौदी अरेबियात गेले. एवढे अवलंबित्व का, याचे उत्तर इतर दारे बंद होण्यात आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०१२ मध्ये बांगलादेशी कामगारांची भरती आवरली. ती नंतर कमी-अधिक खुली झाली, पण पूर्ववत भरवशाची झाली नाही. बहारीनने २०१८ मध्ये आणि ओमानने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस व्हिसा थांबवले. जुलै २०२४ मध्ये ढाक्यातील विद्यार्थी आंदोलनाच्या समर्थनार्थ अमिरातीत निदर्शने केल्याबद्दल ५७ बांगलादेशींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सप्टेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली, परंतु तिथल्या उरलेल्या लाखोंना आपल्या परवान्याची नाजूकता त्या दोन महिन्यांत पुरती कळली.

सौदीतील कामगाराचे वास्तव्य ‘इकामा’ या ओळखपत्रावर अवलंबून असते आणि ते काढून देण्याची व नूतनीकरणाची जबाबदारी मालकाची असते. बांगलादेशातील गावोगाव ‘फ्री व्हिसा’ या नावाने जे विकले जाते, त्याचा अर्थ इथे उलगडतो. असा कोणताही व्हिसा सौदी कायद्यात नाही. कागदावर एक मालक असतो, तो काम देत नाही. कामगाराने बाहेर मिळेल ते काम करायचे आणि त्या मालकाला इकाम्यापोटी पैसे देत राहायचे. तपासणीत सापडला तर बेकायदा ठरतो तो कामगार. आता अनेक व्यवसायांसाठी सौदी सरकारने जाण्यापूर्वीची कौशल्य चाचणी बंधनकारक केली आहे. वीजतंत्री, नळजोडणी करणारा, वेल्डर अशा कामांत प्रमाणपत्र असलेल्याला त्याचा लाभ होतो. घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रियांकरिता २०१५ मध्ये सौदीशी करार झाला. त्यांच्याकडून प्रवासखर्च घ्यायचा नाही अशी त्यात तरतूद आहे. मात्र घराच्या चार भिंतींआड काम करणाऱ्या स्त्रीपर्यंत दूतावास पोहोचत नाही, आणि छळाच्या तक्रारी घेऊन परतलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे.

मलेशियाची कथा अधिक बोधप्रद. २०१२ मध्ये दोन्ही सरकारांनी मध्यस्थ पूर्णपणे वगळून भरतीचा करार केला. खर्च चाळीस हजार टक्यांच्या आत आला, पण काही वर्षांत जेमतेम दहा हजार जण जाऊ शकले. भरती संस्थांना हा करार नको होता आणि मलेशियातील मालकांनाही त्यात रस नव्हता. २०१६ मध्ये खासगी संस्थांना पुन्हा सामावून घेणारी पद्धत आली, तीही निवडक दहा संस्थांपुरती. मक्तेदारीच्या आरोपांनंतर २०१८ मध्ये मलेशियानेच ती बंद केली. डिसेंबर २०२१ मध्ये नवा करार झाला, ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली तुकडी गेली. कमाल खर्च ठरला होता ७८ हजार ९९० टका. बहुतेकांनी चार ते पाच लाख मोजले. पुढच्या पावणेदोन वर्षांत साडेचार लाखांहून अधिक कामगार मलेशियात पोहोचले आणि त्यांतील कित्येकांना सांगितलेला कारखाना वा काम तिथे नव्हतेच. एप्रिल २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली.

मलेशियाने प्रवेशाची अखेरची तारीख ३१ मे २०२४ ठरवली होती. त्या दिवशी ढाका विमानतळावर तिकिटासाठी झुंबड उडाली. सर्व परवानग्या हाती असलेले सुमारे १७ हजार जण मागेच राहिले. त्यांनी दिलेले पैसे तोवर साखळीतील प्रत्येकाच्या खिशात पोहोचले होते.

परीक्षेचे मार्ग

कमी खर्चाचे आणि चांगल्या वेतनाचे मार्ग आहेत, आणि त्यांत एक गोष्ट समान आहे : तिथे पैशाआधी परीक्षा द्यावी लागते. दक्षिण कोरियाने २००४ पासून रोजगार परवाना पद्धत सुरू केली. बांगलादेश २००७ च्या करारान्वये तीत सामील झाला. (भारत या पद्धतीतील देशांमध्ये नाही.) भरती केवळ बोएसेलमार्फत होते, खासगी संस्थेला तीत शिरकाव नाही. वय १८ ते ३९, कोरियन भाषेची परीक्षा, नंतर कौशल्य चाचणी आणि वैद्यकीय तपासणी अशी चढण आहे. उत्तीर्ण झालेल्याचे नाव यादीत जाते आणि कोरियातील मालक त्या यादीतून निवड करतो. इथेच अनेकांचा गैरसमज होतो. यादीत नाव येणे म्हणजे नोकरी नव्हे. मुदतीत कोणी निवडले नाही, तर नाव यादीतून जाते आणि सारे पुन्हा करावे लागते. निवड झाली तर ‘ई-९’ व्हिसावर ४ वर्षे १० महिन्यांपर्यंत काम करता येते. कोरियन कामगारांचेच किमान वेतन त्यांना लागू असते. २०२५ साठी ते महिना २० लाख ९६ हजार वॉन होते. आखातातील साध्या मजुराच्या कमाईशी याची तुलनाच होत नाही.

जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कौशल्य’ हा कामगार व्हिसा आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांगलादेशाशी करार केला. भारताचा असा करार जानेवारी २०२१ चा. पहिल्या श्रेणीत पाच वर्षांपर्यंत राहता येते, कुटुंब नेता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत व्हिसा वाढवता येतो आणि कुटुंबही आणता येते. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती ही त्यातील प्रमुख क्षेत्रे. जपानी भाषेची ‘एन-४’ पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा आवश्यक असते. तंत्रप्रशिक्षणार्थी योजनेतूनही बांगलादेशी तरुण जपानला जातात. मालक बदलू न देणाऱ्या या योजनेवर जपानमध्येच टीका झाली आणि जून २०२४ मध्ये संसदेने तिच्या जागी नवी पद्धत आणणारा कायदा केला. २०२७ मध्ये ती अमलात यायची आहे. मे २०२५ मध्ये युनुस यांच्या टोकियो भेटीत पुढील पाच वर्षांत एक लाख बांगलादेशी कामगार घेण्याची घोषणा झाली. आकडा मोठा आहे. भाषा शिकवणारे पुरेसे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांतील तांत्रिक प्रशिक्षण केंद्रांना मिळतात की नाही, यावर त्याचे भवितव्य ठरेल.

या यादीत जॉर्डनचे नाव सहसा घेतले जात नाही, पण घ्यायला हवे. तिथल्या कापड कारखान्यांसाठी बोएसेल शिलाईकाम येणाऱ्या स्त्रियांची भरती अत्यल्प खर्चात करते. ढाक्याच्या वा गाझीपूरच्या कारखान्यात शिकलेले हे काम त्यांना कोणा दलालाकडून विकत घ्यावे लागत नाही.

युरोपची दोन दारे

इटली दर वर्षी बाहेरील कामगारांचा कोटा जाहीर करते. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी तो साडेचार लाखांचा होता. मालकाने ठरलेल्या दिवशी संगणकावर अर्ज भरायचा, स्थानिक प्रशासनाने ‘नुल्ला ओस्ता’ हे ना-हरकतपत्र द्यायचे आणि मग कामगाराने ढाक्यात व्हिसासाठी अर्ज करायचा, असा क्रम आहे. या ना-हरकतपत्रांचाच बाजार मांडला गेला. बनावट मालक, बंद पडलेली हॉटेले, एकाच पत्त्यावर डझनावारी कामगार असे प्रकार उघड झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीने बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या नागरिकांना दिलेली पत्रे फेरतपासणीसाठी स्थगित केली. खऱ्या मालकाकडे निघालेलेही त्यात अडकले आणि हजारोंचे पारपत्र महिनोन्महिने व्हिसा केंद्रात पडून राहिले. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांनी कायदेशीर स्थलांतराविषयी सामंजस्य करार केला.

दुसरे दार समुद्राचे आहे. ढाका, दुबई किंवा इजिप्त, तिथून लिबिया आणि मग रबरी वा लाकडी नाव. दलाल या अखेरच्या टप्प्याला ‘गेम’ म्हणतात. २०२४ मध्ये समुद्रमार्गे इटलीत उतरलेल्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या बांगलादेशींची होती. मादारीपूर, शरीयतपूर या जिल्ह्यांत अशी घरे गल्लोगल्ली आहेत. मे २०२० मध्ये लिबियातील मिझदा इथे मानवी तस्करांनी ३० स्थलांतरितांना ठार केले. त्यांत २६ बांगलादेशी होते. या मार्गाने पोहोचलेल्याने आश्रय मागितला, तरी तो मिळण्याची शक्यता घटत चालली आहे. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ‘सुरक्षित मूळ देशां’च्या प्रस्तावित यादीत भारताबरोबर बांगलादेशाचेही नाव घातले. अशा देशांच्या नागरिकांचे अर्ज जलदगतीने निकाली काढायचे असतात.

ब्रिटनमध्ये सिल्हेटच्या लोकांची जुनी वस्ती आहे, पण नव्याने जाणाऱ्यासाठी तिथली वाट अरुंद झाली. शुश्रूषा-सेवकांची परदेशातून भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली आणि कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा ४१ हजार ७०० पौंडांवर गेली. एवढे वेतन देणारी नोकरी हॉटेलच्या स्वयंपाकघरात मिळत नाही.

विद्यार्थी

शिक्षणाचा मार्ग निवडणाऱ्यांना दलालाऐवजी सल्ला केंद्रे भेटतात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत १७ हजार ९९ बांगलादेशी विद्यार्थी होते आणि तिथे विद्यार्थी पाठवणाऱ्या देशांत बांगलादेश आठवा होता. त्यांतील बरेच जण विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात आणि अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून मिळणाऱ्या वेतनावर शिकतात. गुणवान पण पैसा नसलेल्या विद्यार्थ्यासाठी आजही हाच मार्ग सर्वांत भक्कम आहे.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र एका वर्षाच्या निर्वाहासाठी ११ हजार ९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, आणि ढाक्यातील जर्मन दूतावासात मुलाखतीची रांग एवढी लांबली आहे की मिळालेला प्रवेश वाट पाहण्यातच वाया जातो. ऑस्ट्रेलियाला निर्वाहासाठी २९ हजार ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे असतात. जुलै २०२५ पासून केवळ अर्जाचे शुल्क दोन हजार डॉलर झाले असून व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्याची मुभा काढली. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षेही जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळतील. डॉक्टरेटवाले याला अपवाद.

विद्यार्थी व्हिसाकडे नोकरीचे आडदार म्हणून पाहणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, एवढेच काम करता येते. त्यातून राहण्याचा खर्च कसाबसा निघतो. शुल्क आणि घरचे कर्ज निघत नाही. सल्ला केंद्राला विद्यापीठाकडून दर प्रवेशामागे दलाली मिळते, ही गोष्ट पालकांना सहसा सांगितली जात नाही.

फसवणुकीचे काही प्रकार तर माहितीच्या एका ओळीने टळावेत असे आहेत. अमेरिकेच्या ‘डीव्ही लॉटरी’साठी बांगलादेशी नागरिक २०१३ च्या सोडतीपासून अपात्र आहेत, भारतीयही अपात्र आहेत, तरीही तिचे अर्ज भरून देणारी दुकाने चालतात. पर्यटक व्हिसावर नेऊन तिथे कामाच्या व्हिसात बदलून देण्याचे आश्वासनही याच जातीचे. अलीकडे कंबोडियातील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर आणि रशियात थेट युद्धाच्या आघाडीवर पोहोचवलेल्यांत बांगलादेशी तरुण आढळले आहेत. भारतीय तरुणही त्यांत होते.

बांगलादेशाच्या कायद्यानुसार कामासाठी जाणाऱ्याने बीएमईटीकडे नोंदणी करून, बोटांचे ठसे देऊन आणि तीन दिवसांचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण घेऊन ‘स्मार्ट कार्ड’ मिळवायचे असते. विमानतळावर ते तपासले जाते. या कार्डाबरोबर विमा आणि कल्याण मंडळाचे सदस्यत्व येते. परदेशात मृत्यू आल्यास पार्थिव विमानतळावर पोहोचताच वाहतूक व दफनासाठी ३५ हजार टका आणि नंतर वारसांना तीन लाख टका याच मंडळाकडून मिळतात. दर वर्षी हजारो पार्थिवे अशी परततात. लिबियाच्या वाटेने गेलेल्याकडे हे कार्ड नसते. पर्यटक व्हिसावर गेलेल्याकडेही नसते, आणि त्याच्या दलालाने ते लागत नाही असे त्याला सांगितलेले असते.